घुमटाचा व्यास कोण मोजणार?

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत एक बैठक झाली. विषय साधा होता. मशिदीचा घुमट पावसाळ्यात गळतो, त्याला वॉटरप्रूफिंग करून वरून रंग द्यायचा. ठेकेदाराने कोटेशन दिलं: घुमटाचा व्यास २४ फूट, क्षेत्रफळ ९०५ चौरस फूट, दर चौरस फुटाला ९० रुपये, एकूण ८१,४५० रुपये. सदरसाहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, "मंजूर?" सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. जुम्याच्या नमाजनंतर चादर फिरवून, कुणाचे दहा, कुणाचे पन्नास असे जमलेले पैसे अशा रीतीने दोन मिनिटांत मंजूर झाले.

घरी आल्यावर तो कागद टेबलावर पडला होता. माझी भाची दहावीत आहे, ती सुट्टीला आमच्याकडे आलेली. तिने कागद उचलला, वाचला आणि विचारलं, "मामू, हा व्यास त्यांनी मोजला कसा?"

मी म्हणालो, "टेपने मोजला असेल, आणखी कसा?"

ती म्हणाली, "पण टेप लावायची कुठे? व्यास म्हणजे आरपार. मध्ये तर घुमट आहे ना."

खरं सांगतो, हा प्रश्न मला सुचला नव्हता. बैठकीतल्या चौदा जणांपैकी कुणालाच सुचला नव्हता. त्यात एक निवृत्त शिक्षक होते, दोन दुकानदार होते, एक वकील होते, आणि वर्तमानपत्रात लिहिणारा, स्वतःला विचारी समजणारा मी होतो.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे, आणि तो आपल्याला का पडत नाही याबद्दल आहे. काही मित्रांना तो झोंबेल, माझी त्याला हरकत नाही.

व्यास हाताला लागत नाही

शाळेच्या पुस्तकात गणित असतं: 'वर्तुळाचा व्यास १४ सेंमी आहे, तर परीघ काढा.' आपण २२ भागिले ७ घेतो, गुणतो आणि ४४ लिहितो. गुरुजी बरोबरची खूण करतात. आयुष्यात मात्र कुणी व्यास हातात आणून देत नाही. वडाच्या झाडाचा व्यास पाहायला झाड कापावं लागेल. जमिनीत गाडलेल्या पाइपाचं तोंड दिसत नाही. विहिरीच्या मध्यावर उभं राहता येत नाही. घुमटाच्या आरपार टेप जात नाही. हाताला लागतो तो घेर, नाहीतर कडेचा एखादा तुकडा. त्यावरून व्यास काढायचा असतो. म्हणजे खरं काम पुस्तकातल्या गणिताच्या नेमकं उलट आहे, आणि उलटं गणित आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

पण थांबा, 'कुणी शिकवलेलं नसतं' हे खरं नाही. माझी दादी मणियारीण होती. डोक्यावर टोपली घेऊन ती गावोगाव बांगड्या विकायची. बाईचा हात हातात घ्यायची, अंगठा आत दुमडायला सांगायची, बोटांच्या मुळाशी हात दाबून बघायची आणि म्हणायची, "सव्वादोन." किंवा "अडीच." हे सव्वादोन आणि अडीच म्हणजे काय? बांगडीच्या आतल्या बाजूचा व्यास, इंचांत. दुकानात आज २-४ म्हणतात ते दोन इंच आणि इंचाचे चार सोळांश, म्हणजेच सव्वादोन. २-८ म्हणजे अडीच. दादी घेर चाचपायची आणि व्यास सांगायची. तिला अक्षरओळख नव्हती. तिच्या हातून बांगडी फुटल्याचं मात्र मला आठवत नाही.

माझी बहीण, म्हणजे या भाचीची अम्मी, शिलाई करते. घेरदार अंब्रेला फ्रॉक कापायचा असला की कापड चौपदरी दुमडते, कोपऱ्यावरून माप घेते आणि कमरेचा गोल आखते. कमर २८ इंच असेल तर कोपऱ्यापासून किती इंचावर आखायचं? ती म्हणते, "कमरेला सहाने भागायचं आणि एक बारीक दोरा कमी." २८ भागिले ६ म्हणजे ४.६७, त्यातून दोराभर कमी. गणिताने बघायचं तर २८ ला ६.२८ ने भागावं लागतं, उत्तर ४.४६ येतं. परिघावरून त्रिज्या! तीसुद्धा माझ्या बहिणीच्या कातरीत.

भाचीने हे अम्मीकडूनच उचललं होतं. तिने मला सांगितलं, "मामू, घुमट जिथून सुरू होतो तिथे टेप गोल फिरवून घेर मोजून आणा. बाकी मी करते."

मी काय केलं

ती स्वतः का गेली नाही, असा प्रश्न तुम्ही विचाराल. विचाराच. आमच्या मशिदीच्या जिन्यावर मुलींना जाऊ देत नाहीत. गच्ची रिकामी असली, नमाजची वेळ नसली, कामच गणिताचं असलं, तरी नाही. म्हणून मी गेलो. मुअज्जिनसाहेबांनी टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं टोक घेऊन घुमटाला फेरी मारली. दोनदा मोजलं. घेर भरला ६२ फूट ९ इंच.

भाचीने ६२.७५ ला ७ ने गुणलं, २२ ने भागलं. उत्तर आलं १९.९७. म्हणजे व्यास २० फूट, कागदावरचा २४ नव्हे.

मग हे २४ आले कुठून? दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला विचारलं. माणूस प्रामाणिकपणे म्हणाला, "घुमटाखालचा चौथरा मोजला साहेब. चौकोनी आहे ना, एक बाजू २४ भरली." त्याने चौकोनाची बाजू मोजली आणि तीच वर्तुळाचा व्यास म्हणून लिहिली. चौकोनावर गोल घुमट बसवताना चारही कोपरे भरून घ्यावे लागतात आणि गोल आत सरकतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांना हे डोळ्यांसमोर येईल. आतला चौरस दालनाचा भाग सुमारे ४१ मीटरचा आहे आणि घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटरचा. मधला फरक एकमेकांत गुंतलेल्या कमानींनी पेललेला आहे. त्या इमारतीचा वास्तुकार म्हणून परंपरेने याकूत दाभुळी याचं नाव घेतात. दाभुळी म्हणजे दाभोळचा, आपल्या कोकणातला. चौकोन आणि वर्तुळ यांतला फरक त्याला कळत होता. साडेतीनशे वर्षांनंतर आमच्या कमिटीला तो कळला नाही.

आता हिशोब बघा. आमचा घुमट साधा आहे, अर्ध्या चेंडूसारखा. अर्ध्या गोलाचं पृष्ठफळ म्हणजे पायचा दुप्पट गुणिले त्रिज्येचा वर्ग. त्रिज्या १२ धरली तर ९०५ चौरस फूट. त्रिज्या १० धरली तर ६२८ चौरस फूट. फरक २७७ चौरस फुटांचा. ९० रुपये दराने २४,९३० रुपये. व्यासात चूक पाचव्या हिश्श्याची, पण बिलात वाढ शेकडा ४४. कारण लांबीतली चूक क्षेत्रफळात वर्ग होऊन येते. ज्याला हे कळत नाही त्याला 'चार फुटांनी काय होतंय' असं वाटतं. चार फुटांनी २५ हजार होतात.

ठेकेदाराने बिल दुरुस्त करून दिलं. जाताना तो जे बोलला ते मी विसरणार नाही: "आजवर कुठल्याच कमिटीने विचारलं नाही साहेब, व्यास कसा काढला म्हणून."

आणि आता माझी कबुली. पुढच्या बैठकीत मी हा हिशोब मांडला. सगळ्यांनी वाहवा केली. सदरसाहेब म्हणाले, "मान गए भाई, तुमचं गणित पक्कं आहे." मी हसलो आणि गप्प बसलो. हा हिशोब दहावीतल्या मुलीचा आहे, हे मी सांगितलं नाही. मला वाटलं, हसतील. मला वाटलं, 'भांजी नापेगी क्या गुंबद' असं कुणीतरी म्हणेल आणि विषय भलतीकडे जाईल. मला दहावीत गणितात ४१ गुण होते. त्या संध्याकाळी मी तिचं श्रेय खिशात घालून घरी आलो.

मोबाइलमधला बिरुनी

त्याच रात्री आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मागे नाटकी संगीत, समोर वाळवंट आणि आवाज: एका मुस्लिम शास्त्रज्ञाने हजार वर्षांपूर्वी एका टेकडीवर उभं राहून पृथ्वीचा व्यास ९९ टक्क्यांहून अधिक अचूक मोजला! खाली माशाअल्लाहची रांग. त्या रांगेत बैठकीत मान हलवणारे बहुतेक सगळे होते.

ही गोष्ट खरी आहे, म्हणूनच ती नीट सांगायला हवी. अबू रैहान अल्-बिरुनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातल्या नंदना किल्ल्यावर होता. आज तो भाग पाकिस्तानात आहे. त्याच्यासमोर जो प्रश्न होता तो माझ्या भाचीचाच होता: आरपार टेप लावता येत नाही, मग व्यास काढायचा कसा? फरक इतकाच की त्याचा घुमट म्हणजे सगळी पृथ्वी होती. आणि पृथ्वीला फेरी मारून घेर मोजणंही शक्य नव्हतं.

त्याने दोन मापं घेतली. पहिलं, सपाट मैदानातून वर येणाऱ्या डोंगराची उंची. ती त्याने खालून दोन ठिकाणांहून कोन घेऊन काढली, साधारण ६५२ हात. दुसरं, डोंगरावरून क्षितिज आडव्या रेषेच्या किती खाली दिसतं तो कोन. उंचावर गेल्यावर क्षितिज खाली झुकतं, कारण पृथ्वी गोल आहे. हा कोन त्याला ३४ कला मिळाला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त, साधारण सूर्याचं बिंब आकाशात जेवढं रुंद दिसतं तेवढा. आता एक काटकोन त्रिकोण तयार होतो. एक बाजू पृथ्वीची त्रिज्या, कर्ण म्हणजे त्रिज्या अधिक डोंगराची उंची, आणि मधला कोन माहीत. त्यावरून त्रिज्या निघते. त्याचं उत्तर होतं १ कोटी २८ लाख हातांच्या आसपास. एक डोंगर आणि एक कोन, एवढ्यावर पृथ्वीचा व्यास. याचं कौतुक करायला मीही माशाअल्लाहच म्हणेन.

पण तो ९९ टक्क्यांचा दावा तपासा. ३४ कलांच्या कोनात एका कलेची चूक झाली तर उत्तरात जवळपास ६ टक्के फरक पडतो. उत्तर एका टक्क्याच्या आत आणायचं तर कोन एका कलेच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत अचूक हवा. डोळ्यांनी, हातातल्या यंत्रावर! शिवाय हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि क्षितिज किंचित वर दिसतं. आणि त्याचा 'हात' आजच्या मापाने किती सेंटिमीटरचा धरायचा, यावर त्या टक्केवारीचा सगळा खेळ आहे. हवा तसा हात धरा, हवी तशी टक्केवारी येते. म्हणजे इथेही तेच झालं. आकडा आला, 'कसा काढला' हे कुणी विचारलं नाही आणि तो मंजूर झाला. ठेकेदाराचं कोटेशन आणि हा व्हिडिओ, दोन्हींना आपण एकाच पद्धतीने मान हलवली.

व्हिडिओत न सांगितलेली गोष्ट मला जास्त मोठी वाटते. बिरुनीच्या आधी दोनशे वर्षं खलिफा मामूनने सिंजारच्या मैदानात माणसं पाठवली होती. आकाशातल्या उंचीत एक अंशाचा फरक पडेपर्यंत ती उत्तर-दक्षिण सरळ मोजत चालत गेली आणि एका अंशाला सुमारे ५६ पूर्णांक दोन-तृतीयांश मैल हे माप घेऊन आली. बिरुनीचा आकडा त्याच्या जवळपास आला. तेव्हा त्याने काय केलं? माझाच खरा, असा डंका पिटला नाही. त्यांची उपकरणं माझ्याहून बारीक होती, त्यांनी कष्ट अधिक घेतले, म्हणून त्यांचंच माप धरावं, असं त्याने लिहिलं. स्वतःचं माप दुसऱ्याच्या मापाशी लावून बघणारा आणि दुसऱ्याचं सरस म्हणणारा हा माणूस. त्याचे फोटो फिरवणारे आपण मशिदीच्या खर्चाचा हिशोब मागणाऱ्याला 'फितना करू नकोस' म्हणतो.

हा नियम कुणाचा?

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांकडे वळतो, कारण त्यांच्या ग्रुपवरही व्हिडिओ असतातच. तिथे सांगतात की वर्तुळाचं सगळं गणित आमच्याकडे आधीच होतं, बाकीच्यांनी फक्त चोरलं. आणि मुसलमानांनी तर फक्त मोडतोड केली.

एक प्रयोग करा. घरात एखादी फुटकी परात असेल तर तिच्या काठाचा तुकडा घ्या. त्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजा, समजा २४ सेंमी. त्या सरळ रेषेच्या मध्यापासून काठाच्या फुगवट्यापर्यंतचं अंतर मोजा, समजा ४ सेंमी. आता २४ चं अर्ध १२, त्याचा वर्ग १४४, त्याला ४ ने भागा, आले ३६, त्यात ते ४ मिळवा. ४० सेंमी. हा त्या अख्ख्या परातीचा व्यास. का? सरळ रेषेने व्यासाचे दोन तुकडे होतात, एक ४ चा, दुसरा ३६ चा, आणि त्यांचा गुणाकार नेहमी अर्ध्या रेषेच्या वर्गाइतका असतो. लेथवर काम करणारी पोरं तुटक्या चाकाचा, पुलीचा व्यास असाच काढतात.

हा नियम कुणाचा? त्या सरळ रेषेला संस्कृतात जीवा म्हणजे धनुष्याची दोरी म्हणतात आणि मधल्या अंतराला शर म्हणजे बाण. इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात हा नियम आहे. नवव्या शतकात बगदादला बसून मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मीने बीजगणितावर जे पुस्तक लिहिलं, त्याच्या मोजमापाच्या भागात हाच नियम आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या लीलावतीत पुन्हा तोच.

पायचंही तसंच. आर्यभट सांगतो, व्यास २०,००० तर परीघ सुमारे ६२,८३२. ख्वारिज्मी त्याच पुस्तकात वेगवेगळ्या किमती देतो, त्यांत हीच ६२,८३२ आणि २०,००० ची जोडी आहे आणि ती ज्योतिर्विदांची म्हणून दिली आहे. लीलावतीत १२५० ला ३९२७, म्हणजे तोच आकडा संक्षेप देऊन, आणि व्यवहारासाठी ७ ला २२. आमच्या घुमटाचा व्यास २० फूट आणि घेर ६२ फूट ९ इंच. आर्यभटाच्या प्रमाणाने ६२ फूट १० इंच यायला हवा होता. मोजताना इंचभर चूक झाली असणार!

आता यात चोर कोण? जीवा हा शब्द अरबीत गेला, तिथे तो जैब असा वाचला गेला, जैब म्हणजे कपड्याची घडी, खिसा. त्याचं लॅटिनात साइनस झालं आणि आज आपली मुलं त्यालाच 'साइन' म्हणून पाठ करतात. एका शब्दाच्या अंगावर संस्कृत, अरबी, लॅटिन असे तीन ठसे आहेत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात केरळात माधवाने पायसाठी अनंत श्रेढी मांडली. १४२४ च्या सुमारास समरकंदला जमशीद अल्-काशीने पायचा दुप्पट १६ दशांश स्थळांपर्यंत काढला. १५८७ मध्ये अकबराच्या सांगण्यावरून फैजीने लीलावती फारसीत आणली. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ होता, हे सांगणारा १२०७ चा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचा आहे, डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. ही देवाणघेवाण आहे. वाहून नेणं हे हलकं काम नाही. वाहून नेणाऱ्याने नेलेलं समजून घेतलं, तपासलं आणि त्यात भर घातली.

आणि हो, बिरुनी हिंदुस्थानात आला तो महमूद गझनवीच्या काळात, त्याच्या सत्तेच्या सावलीत. तेही लपवायचं कारण नाही. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली, हे लिहिणारा माणूसही बिरुनीच आहे. तो संस्कृत शिकला, इथल्या पंडितांशी बोलला, जे पटलं ते मान्य केलं, जे नाही पटलं तेही लिहिलं. आपल्या दोन्ही ग्रुपवरच्या मित्रांना तो अर्धाच हवा असतो.

'दीन की बात करो'

हे सगळं मी बोललो की एक उत्तर ठरलेलं असतं: "भाई, मस्जिद अल्लाह का घर है, इथे दीनची बात करा. गणित कायकू?"

तर ऐका. ख्वारिज्मीच्या त्या पुस्तकाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांवर आहे. बायकोला किती, आईला किती, मुलीला किती, हे अपूर्णांक न चुकता काढता यावेत हा ते पुस्तक लिहिण्यामागचा एक हेतू होता. लखनऊच्या फिरंगी महलमध्ये अठराव्या शतकात जो दर्से-निजामी अभ्यासक्रम घडला, त्यात युक्लिडच्या भूमितीचा नसीरुद्दीन तुसीने तयार केलेला ग्रंथ शिकवला जाई, हिशोबाचं वेगळं पुस्तक असे. मौलवी होण्यासाठी वर्तुळ आणि त्रिकोण यावे लागत. त्या अभ्यासक्रमाचं नाव आजही घेतलं जातं. त्यातला युक्लिड किती ठिकाणी उरला आहे, ते आपापल्या गावच्या मदरशात जाऊन विचारा. गणित दीनच्या बाहेरचं आहे, हे आपल्या बुजुर्गांनी सांगितलेलं नाही. ते आपण आपल्या आळसाने ठरवलं आहे.

आणि चादरीत दहा रुपये टाकणाऱ्या रिक्षावाल्याचा पैसा ही अमानत आहे की नाही? अमानत सांभाळायची तर मोजावं लागतं. २४,९३० रुपये निष्काळजीपणे जाऊ देणं हाही दीनचाच प्रश्न आहे.

दुसरं उत्तर मुलींबद्दल असतं. "मुलींना एवढं गणित करून काय करायचंय?" हे म्हणणाऱ्याने आपल्या घरात बघावं. बांगडीचं माप कोण घेतं? फ्रॉकचा गोल कोण आखतं? बायका पिढ्यान् पिढ्या घेरावरून व्यास काढत आल्या. आपण त्याला गणित म्हटलं नाही, कारण ते करणाऱ्या बायका होत्या. दादीचं सव्वादोन दादीबरोबर गेलं. बहिणीचं 'सहाने भागा, दोराभर कमी' हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही. तो 'दोराभर' म्हणजे सहा आणि ६.२८ यांतला फरक, हे पहिल्यांदा तिच्या मुलीने ओळखलं, कारण ती शाळेत गेली. हातातलं ज्ञान आणि पुस्तकातलं ज्ञान एकत्र आलं की काय होतं, ते आमच्या कमिटीने २४,९३० रुपयांत पाहिलं आहे. फक्त ते कुणी केलं हे त्यांना माहीत नव्हतं. आता हा लेख ग्रुपवर जाईल, तेव्हा कळेल.

तीन मागण्या

माझ्या मशिदीच्या कमिटीकडे, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या गावच्या कमिटीकडे, माझं मागणं फार मोठं नाही.

एक. कुठल्याही बांधकामाचं कोटेशन आलं की मापं आणि ती कशी घेतली हे नोटीस बोर्डावर लावा. आठ दिवस राहू द्या. मोहल्ल्यातलं कुणीतरी पोर तपासेल. मशिदीलाच नव्हे, मंदिराला, समाजमंदिराला, शाळेच्या पाण्याच्या टाकीलाही हेच लागू आहे. चौकोनाची बाजू मोजून गोलाचं बिल लावणारे सगळीकडे आहेत आणि न विचारणारेही.

दोन. मशिदीच्या शेजारचा हॉल आठवड्यातले सहा दिवस बंद असतो. तिथे संध्याकाळी गणिताचा वर्ग सुरू करा, मुलांसाठी आणि मुलींसाठी. फळ्याआधी टेप आणि दोरी घेऊन. पहिला पाठ: या हॉलच्या बाहेरच्या झाडाचा व्यास, झाड न कापता.

तीन. वाचलेल्या २४,९३० रुपयांचं काय करायचं, यावर येत्या रविवारी बैठक आहे. दारावर दिव्यांची कमान लावावी असा एक प्रस्ताव आहे. कमान अर्धगोल आहे. तिची लांबी कशी काढली, हे मी विचारणार आहेच. पण माझा प्रस्ताव वेगळा आहे: ही रक्कम दरवर्षी मोहल्ल्यातल्या एका मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवावी. सुरुवात कुणापासून करायची ते कमिटीने ठरवावं. माझ्या भाचीला देऊ नका, नातेवाइकाची शिफारस मी करणार नाही. पण तिला सिव्हिल डिप्लोमा करायचा आहे, आणि तिचे अब्बा 'बारावीपर्यंत बघू, मग पुढचं पुढे' म्हणतात. दूल्हाभाई, हा लेख तुम्हीही वाचणार आहात हे मला ठाऊक आहे. तुमच्या मुलीने एका दुपारी मशिदीचे २५ हजार वाचवले. तिच्या बाबतीत 'पुढचं पुढे' म्हणू नका.

रविवारच्या बैठकीत मी आधी उभा राहून सांगणार आहे की तो हिशोब माझा नव्हता. हसायचं त्यांनी हसावं. मग पुन्हा एकदा घुमट मोजायला वर जाऊ, आणि या वेळी टेपचं दुसरं टोक तिच्या हातात असावं, अशी परवानगी मागणार आहे. गच्ची तेव्हा रिकामीच असते.